घरोघरच्या तसबिरी

कला आणि जीवन यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. परंतु ही चर्चा बहुधा प्रदर्शनाच्या दालनात सुरू होते आणि तेथेच संपते. चित्रकार कोणत्या संप्रदायाचा, त्याच्यावर पश्चिमेचा प्रभाव किती आणि परंपरेचा किती, असे प्रश्न तीत येतात. ते योग्यच असतात. तथापि चित्रप्रदर्शनाला जाणारी माणसे या देशात फार थोडी. म्हणून इतरांचा चित्राशी काहीच संबंध येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या घरात शिरावे आणि मान वर करून भिंतीकडे पाहावे. तेथे कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते, रामपंचायतन असते, शिवाजी महाराज असतात, बुद्ध आणि आंबेडकर असतात, निवर्तलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो असतो. आपल्या नित्याच्या जीवनात चित्रकलेने जी जागा मिळविली, ती प्रथम या तसबिरींच्या रूपाने. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यातून सुचलेले काही विचार आपल्यापुढे मांडावेत, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

सरकारी नोकरीत बदल्या होत राहतात आणि त्यामुळे अनेक प्रांतांतील घरे आतून पाहण्याचा योग येतो. एक गोष्ट मला ठिकठिकाणी सारखीच आढळली. जुन्या वळणाच्या घरात तसबीर डोळ्यांच्या रेषेत लावलेली नसते. ती उंच, तुळईच्या किंवा छताच्या लगत असते. खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड पुढे झुकलेली. कलासंग्रहालयाच्या दृष्टीने ही मांडणी चुकीची ठरेल. परंतु घरातील माणूस जमिनीवर बसतो, जमिनीवर निजतो, आणि तेथून त्याने वर पाहिले की तसबीर त्याच्याकडे वाकून पाहत असते. आपण चित्र पाहावे यापेक्षा चित्राने आपल्याकडे पाहावे, ही अपेक्षा त्या मांडणीत आहे. ही रीत इतकी सर्वत्र दिसते की ती फार प्राचीन असावी असे वाटते. वस्तुतः सामान्य माणसाच्या घरात तसबीर आली त्याला दीडशे वर्षांहून फारसा अधिक काळ झालेला नाही.

तत्पूर्वी आपल्याकडे घरात चित्रे नव्हती असे नव्हे. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन केले आहे. त्यात वीणेबरोबर चित्रफलक आणि रंगांच्या कुंचल्यांची पेटी यांचा उल्लेख येतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तर राहत्या घरात कोणती चित्रे असावीत हेही सांगते: शृंगार, हास्य आणि शांत या रसांची, युद्ध, स्मशान इत्यादींची चित्रे घरात नसावीत. परंतु हा सगळा श्रीमंतांचा संसार झाला. पेशवाईतही भिंतीवरची चित्रे पाहावयाची तर ती वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यासारख्या ठिकाणी. कुणब्याच्या किंवा कोष्ट्याच्या घरी चित्रकाराला कोण बोलावणार?

सामान्यांच्या घरी चित्र येत असे ते दोन वाटांनी. पहिली वाट कथा सांगणाऱ्यांची. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या घेऊन फिरत आणि एकेक पान उलगडीत रामायण-महाभारतातील आख्याने गात. बंगालमधील पटुआ कागदाचा लांब पट उलगडीत गात असे. राजस्थानातील भोपा पाबूजीची फड दोन काठ्यांना बांधून तिच्यासमोर रात्रभर उभा राही. चित्र येई, बोले आणि निघून जाई. ते विकत घेण्याची वस्तू नव्हती. ते ऐकावयाचे होते.

दुसरी वाट घरातल्या बायकांच्या हातून येणारी. अंगणात आणि देवापुढे रांगोळी, तामिळ प्रदेशात कोलम, बंगालमध्ये आलपना, मिथिलेत अरिपन, राजस्थानात मांडणे. नावे निराळी, परंतु व्यवहार एकच. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढावयाचा, पूजा करावयाची आणि दुसऱ्या दिवशी तो पाट धुऊन टाकावयाचा. या चित्रांना चौकट नव्हती, चित्रकाराची सही नव्हती आणि टिकण्याची इच्छाही नव्हती. ज्या प्रसंगासाठी ती काढली, तो प्रसंग संपला की त्यांचे आयुष्य संपे. पुढच्या वर्षी ती पुन्हा काढावयाची असत, म्हणून ती काढण्याची कला आईकडून मुलीकडे जाई. चित्र पुसले जाई आणि कला टिकून राही.

हा क्रम बदलला तो एका दगडामुळे. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ साली शिळेवरून छापण्याची युक्ती शोधून काढली. तिचे मर्म इतकेच की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. एका विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, शिळा पाण्याने ओली करावयाची आणि तिच्यावरून शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई तेलकट, म्हणून ती ओल्या जागी धरत नाही. फक्त रेघांवर धरते. वर कागद दाबला की चित्र उमटते. धातूवर खोदकाम करणारा कुशल कारागीर यासाठी लागत नाही. चित्रकाराचा हात सरळ कागदावर उतरतो. रंगीत चित्र हवे असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी शिळा आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसविण्याची शिकस्त. मोठ्या चित्राला दहा-बारा शिळाही लागत. त्यावर रोगण चढवून तैलचित्राची चकाकी आणली की त्याला ओलिओग्राफ म्हणत.

शिळाप्रेस आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आला होता. त्यावर पोथ्या, पंचांगे आणि नकाशे छापले जात. परंतु घराच्या भिंतीसाठी चित्रे छापण्याचा उद्योग उभा राहिला तो १८७८ च्या सुमारास. त्या एकाच वर्षी कलकत्त्यास अन्नदाप्रसाद बागची आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 'कलकत्ता आर्ट स्टुडिओ' काढला आणि पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने 'चित्रशाळा' स्थापन झाली. निबंधमालेच्या कर्त्याला चित्रांच्या छापखान्याची गरज वाटावी, हे विचार करण्यासारखे आहे. वाचता येणाऱ्यांसाठी त्यांनी मासिक चालविले, आणि स्वभाषा व स्वदेश यांचा जो अभिमान त्यात प्रकट होत होता तोच न वाचणाऱ्यांपर्यंत नेण्याचे साधन त्यांना चित्रात दिसले असले पाहिजे. रामपंचायतन आणि नाना फडणीस ही दोन्ही चित्रे चित्रशाळेने छापली. देव आणि इतिहासपुरुष एकाच खुंटीवर टांगले जाऊ लागले. चिपळूणकर १८८२ साली अकाली निवर्तले. चित्रशाळा त्यांच्यामागे दीर्घकाळ चालली.

या नव्या धंद्याने एका जुन्या धंद्याचा बळीही घेतला. कलकत्त्याच्या कालीमंदिराजवळ बसणारे पटुआ गिरणीच्या स्वस्त कागदावर झरझर फिरणाऱ्या कुंचल्याने देवदेवतांची चित्रे काढून यात्रेकरूंना विकत. ते देवच काढीत असे नव्हे. बाबूंची थट्टा करीत, १८७३ साली गाजलेल्या तारकेश्वरच्या महंताच्या खटल्यावरही चित्रे काढीत. एकेका फटकाऱ्यात खांद्याची गोलाई दाखविणारा तो हात आज जगातील मोठ्या संग्रहालयांत मानाने जपला जातो. परंतु छापील चित्र अधिक चकचकीत आणि अधिक स्वस्त होते. यात्रेकरूने ते घेतले, आणि १९३० च्या सुमारास तो धंदा संपला. यंत्राने आपल्याला काय दिले याचा हिशेब करताना ही बाजूही जमेस धरली पाहिजे.

आता राजा रविवर्मा यांच्याकडे वळू. त्रावणकोरातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेले हे चित्रकार संस्थानिकांचे आवडते होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी काढलेली चौदा पौराणिक चित्रे मुंबईत लोकांना दाखविली गेली, तेव्हा ती पाहण्यास लोकांची गर्दी लोटली. राजवाड्यातील चित्र सर्वांना हवे आहे, हे तेथे उघड झाले. तंजावरच्या मराठी समाजातून आलेले आणि त्रावणकोर व बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी त्यांना आधीच सुचविले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत. रविवर्म्यांनी पुढे त्याहून मोठे धाडस केले. १८९४ साली त्यांनी मुंबईतच छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणविले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे तेथील आरंभीच्या छपाईपैकी होय. मुंबईत प्लेगचा कहर झाल्यावर काही वर्षांतच छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

व्यवहाराच्या दृष्टीने हा उद्योग रविवर्म्यांना पेलला नाही. कर्ज झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. १९०६ मध्ये ते निवर्तले. छापखाना मात्र चालू राहिला. मुंबईच्या कलाशाळेतील महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्यांची चित्रे तेथे छापली गेली. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधील पौराणिक सृष्टी प्रेक्षकांना ओळखीची वाटली असेल, तर त्याचे एक कारण त्यांच्या घरच्या भिंतीवर होते. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि त्या इतिहासाचा बराच भाग जळून गेला.

या चित्रांनी काय केले? पहिली गोष्ट अशी की प्रांतोप्रांतीच्या लक्ष्मी, सरस्वती आणि दमयंती यांना एक चेहरा मिळाला. रविवर्मे केरळचे, त्यांचे तंत्र युरोपचे आणि त्यांच्या अनेक पौराणिक नायिकांच्या अंगावर लुगडे आपल्याकडचे नऊवारी. अशी ही शकुंतला काशीच्या घरातही टांगली गेली आणि मद्रासच्या घरातही, आणि कोणालाही ती परकी वाटली नाही. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या घरांमध्ये समान असे काही निर्माण झाले. राष्ट्र ही कल्पना सभांतून आणि वर्तमानपत्रांतून पसरली हे खरे. परंतु तिला भिंतीवरच्या या समान चित्रांचाही हातभार लागला, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या काळी देवळाचे दार सर्वांना उघडे नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह सुरू करावा लागला. ज्या त्रावणकोरात रविवर्मे जन्मले, तेथील देवळे सर्व हिंदूंना उघडली ती १२ नोव्हेंबर १९३६ च्या घोषणेने, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले. या सगळ्याच्या कितीतरी आधी, बाजारातल्या दुकानात देवाचे चित्र टांगलेले होते आणि दुकानदार किंमत तेवढी विचारीत होता. ज्याला गाभाऱ्यात पाऊल टाकण्याची बंदी होती, त्याच्या झोपडीत विठोबा कागदावर बसून येऊ शकत होता. अस्पृश्यतेचा अन्याय यामुळे दूर झाला असे नव्हे; कागदाने तो दूर होणारही नव्हता. परंतु चित्र हे कोणाच्याही मक्त्याबाहेर गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि चित्र लावण्याचा अधिकार आला की ते उतरविण्याचा अधिकारही येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर असंख्य घरांतील देवादिकांच्या तसबिरी खाली आल्या आणि तेथे बुद्धाची, व पुढे बाबासाहेबांची, प्रतिमा आली. एका धर्मांतराची नोंद सरकारी कागदांत होते, तशीच ती भिंतीवरच्या खिळ्यावरही होते. तसबीर ही शोभेची वस्तू आहे असे मानणाऱ्याने या घरांकडे पाहावे. आम्ही कोण, आमचे कोण, आम्ही कोणासमोर मान लववितो आणि कोणासमोर लवविणार नाही, हे ते घर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते.

या छापील चित्रांवर टीका पुष्कळ झाली. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आदी जाणत्यांना रविवर्म्यांच्या देवता नाटकातल्या नट्यांसारख्या वाटल्या. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली चार हातांची भारतमाता काढली ती पातळ जलरंगांत, युरोपीय तैलचित्राची सारी भरजरी ऐट बाजूला ठेवून. या टीकेत तथ्य होते. त्या चित्रांत डोळ्यांना भुरळ घालणारा रंग पुष्कळदा अर्थापेक्षा जास्त होता, आणि पुढे त्यांची नक्कल करणाऱ्या हजारो कॅलेंडरांत तर अर्थ जवळजवळ उरलाच नाही. परंतु टीकाकारांना जे चित्र हवे होते, ते कुणब्याच्या घरापर्यंत पोचणार कसे, या प्रश्नाला त्यांच्यापैकी थोड्यांनीच हात घातला.

ज्यांनी घातला त्यांत नंदलाल बसू अग्रगण्य होत. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन म्हणजे आपल्या खानदेशातील फैजपूरचे, डिसेंबर १९३६ चे. गांधीजींच्या इच्छेवरून नंदलालबाबूंनी त्या नगराची सजावट केली, ती बांबूसारख्या त्या परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुऱ्याला अधिवेशन भरले, तेव्हा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत सुमारे चारशे चित्रे केली. विषय कोणते? वादक, कारागीर, रोजच्या कामात गुंतलेले स्त्रीपुरुष. ती चित्रे वेशींवर आणि मंडपांवर लावली, जेणेकरून बैलगाडीतून उतरणाऱ्या शेतकऱ्याला चालता चालता स्वतःचेच आयुष्य दिसावे. आज त्यांपैकी जी उरली आहेत, त्यांतील बरीच दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. ती तेथे सुरक्षित राहिली याचा आनंद आहे. मात्र ती ज्याच्यासाठी काढली तो वाटसरू तेथे क्वचितच येतो.

घरातल्या बायकांच्या हाताने येणाऱ्या चित्राचे पुढे काय झाले, तेही पाहू. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्या वेळी मधुबनी भागात डब्ल्यू. जी. आर्चर नावाचे आय. सी. एस. अधिकारी होते. नुकसानीची पाहणी करताना पडलेल्या घरांच्या आतल्या भिंती त्यांना दिसल्या, आणि त्यांवर कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची, चित्रे होती. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये 'मार्ग' या मुंबईच्या नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. नुकसानभरपाईच्या तक्त्यात भिंतीची लांबीरुंदी लिहावयाची असते. तिच्यावर काय काढले आहे याला रकाना नसतो. त्या रकान्याबाहेर पाहणारा एक अधिकारी तेथे होता, म्हणून ही कला बाहेरच्या जगाला कळली.

तीस-बत्तीस वर्षांनी त्याच भागात दुष्काळ पडला. १९६६-६७ च्या त्या दिवसांत अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठविले. बायकांनी भिंतीवरची चित्रे कागदावर काढावीत आणि ती विकून चार पैसे मिळवावेत, अशी योजना होती. ती फळाला आली. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावे देशाला ठाऊक झाली. तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली. हेच भास्कर कुलकर्णी पुढे डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. तेथे लग्नाचा चौक सवाशिणी काढीत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने आणि बांबूच्या काडीने. मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे पुरुष असूनही चित्रे काढीत, लग्नाची वाट न पाहता काढीत. त्यांच्या हाताची ओळख जगाला झाली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले.

भिंतीवरचे चित्र कागदावर आले, यात लाभ झाला की हानी? दुष्काळात उपाशी राहणाऱ्या बाईला कलेच्या शुद्धतेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिला मोल मिळाले, नाव मिळाले, घराबाहेर मान मिळाला. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु दुसरी बाजूही माझ्या खात्यातल्या माणसाने सांगितली पाहिजे. आज अनेक सरकारी इमारतींच्या कुंपणभिंतींवर वारली आकृत्या रंगविलेल्या दिसतात. त्रिकोणांची माणसे नाचत असतात. परंतु तेथे लग्न नसते, देवी नसते, आणि पुष्कळदा काढणारा वारलीही नसतो. जागा भरावयाची म्हणून ती भरलेली असते. त्या भिंतीजवळून रोज जाणाऱ्याला आठवड्यानंतर ती दिसेनाशी होते. चित्र कुरूप असते असे नाही; त्याला तेथे काही काम नसते.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. नित्याच्या जीवनात चित्र जिवंत राहते ते हाताने काढले म्हणून किंवा यंत्राने छापले म्हणून नव्हे; त्याला घरात काही काम दिलेले असते म्हणून. याला माझ्याजवळ आपल्या मराठी घरांतला एक चांगला पुरावा आहे. श्रावणात आपण जिवतीचा कागद लावतो. तो छापील असतो. छपाई बहुधा ओबडधोबड, रंग इकडचे तिकडे गेलेले. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, मुलांना खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका असतात, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती असतो. आई शुक्रवारी त्याची पूजा करते, मुलांना पाटावर बसवून ओवाळते. मूल आपल्याला ओवाळले जात असताना समोरच्या कागदावरची मुले मोजते, हत्ती आणि वाघ न्याहाळते. महिना संपला की कागद उतरतो. शिळाप्रेस आला, ऑफसेट आला, परंतु या चित्राची रीत नागपंचमीच्या नागासारखीच राहिली. यंत्राने चित्र दिले आणि घराने त्याला प्रसंग दिला.

उलट, महाग चौकटीतले उत्तम चित्रही निकामी होऊ शकते. कॅलेंडरांचेच पाहा. रघुवीर मुळगावकर आणि एस. एम. पंडित यांची देवादिकांची चित्रे लोक वर्ष संपल्यावरही टाकून देत नसत. कापून, काचेत बसवून ठेवीत. दीनानाथ दलालांनी रंगविलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठे जपून ठेवणारी घरे होती. दुकानदाराने फुकट दिलेला तो कागद होता, पण घराने त्याला निवडले होते. पुढे तमिळनाडूतील शिवकाशीसारख्या ठिकाणी छपाई अतिशय स्वस्त झाली आणि कॅलेंडरे इतकी झाली की निवडण्याचे कारण उरले नाही. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'ने तर मराठी घरात चित्राची जागा तारखांनी आणि मजकुराने भरली. त्याचा उपयोग मोठा, परंतु भिंतीवरचे एक चित्र कमी झाले हेही खरे. आता हातातल्या दूरध्वनीवर सकाळपासून रात्रीपर्यंत चित्रे येत असतात. त्यांत देव असतात, फुले असतात, सुप्रभात असते. आपल्या पूर्वजांनी जन्मभरात पाहिली नसतील इतकी चित्रे आपण एका आठवड्यात पाहतो, आणि त्यांपैकी एकही आपल्याकडे वाकून पाहत नाही. कारण आपले बोट ते पुढे ढकलते.

याला उपाय काय, असे कोणी विचारील. मोठी योजना सांगण्याची माझी पात्रता नाही, आणि योजनांनी घरातली भिंत बदलते यावर माझा फारसा विश्वासही नाही. परंतु घरापुरत्या काही गोष्टी कोणालाही करता येतील. भिंतीवर चित्रे थोडी असावीत आणि जे आहे ते कोणाचे, कोणी लावले, का लावले, हे मुलांना सांगितलेले असावे. वर्षातून एकदा तरी तसबिरी उतरवून, काच पुसून, पुन्हा लावाव्यात. त्या निमित्ताने त्या पाहिल्या जातात. उंबरठ्यापुढे चार ठिपक्यांची का होईना रांगोळी घरातल्या माणसाने काढावी, आणि ती मुलींनीच काढली पाहिजे असे नाही. आपली मुले शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा देतात, त्यांचे कागद आपण फाइलीत ठेवतो. त्यांतला एखादा भिंतीवर लावावा. तो रविवर्म्यांच्या तोडीचा नसेल. परंतु तो काढणारे माणूस त्याच घरात राहते, आणि आपल्या चित्राला या घरात जागा आहे हे रोज येताजाता त्याला दिसते.

मिथिलेच्या कोहबरापासून जिवतीच्या कागदापर्यंत, आणि नाना फडणिसांच्या तसबिरीपासून बाबासाहेबांच्या तसबिरीपर्यंत, सामान्य माणसाने चित्राला कधीच परके मानले नाही. त्याला जेव्हा जे मिळाले तेव्हा ते त्याने आपल्या सुखदुःखाच्या, श्रद्धेच्या आणि स्वाभिमानाच्या कामी लावले. आपल्या कलासंस्थांनी आणि आपण सुशिक्षितांनी त्याच्या अभिरुचीला नावे ठेवण्यापूर्वी ही त्याची समज लक्षात घेतली, तर संग्रहालय आणि माजघर यांच्यामधले अंतर थोडे कमी होईल.